पाहुणे आल्यावर गहू भिजवायचे नसतात

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, "ताई, मला हे जमणार नाही, मी सगळं बंद करते." सकाळी पोळ्या लाटता लाटता मी तो तीनदा वाचला. अगं, बाबांच्या जुन्या कॅसेटी तू अमरावतीला नेऊन डिजिटल करून आणल्यास, वर्षावार फोल्डर लावलेस, घरचे व्हिडिओ बाहेरगावच्यांना दाखवायला कॉम्प्युटरवर जेलीफिन बसवलंस. आणि आता अकोल्याची आत्या म्हणते, चित्र अडकतं. न्यू जर्सीचा दादा म्हणतो, धूसर दिसतं. म्हणून तू हात टेकतेस? जे अवघड होतं ते तू आधीच केलंयस. राहिलंय ते स्वयंपाकघरातल्या बाईला लगेच कळेल असं आहे. पदर खोच आणि ऐक.

आधी एक कर. आत्याला फोन करून व्हिडिओ लावायला सांग आणि त्याच वेळी तुझ्या घरच्या जेलीफिनचा डॅशबोर्ड उघड. तिच्या नावाच्या चौकटीत काय लिहून येतं ते बघ. 'डायरेक्ट प्ले' असेल तर फाईल आहे तशी तिच्याकडे चालली आहे. 'रीमक्स' असेल तर लोणचं तेच आहे, फक्त बरणी बदलली, आणि 'डायरेक्ट स्ट्रीम' असेल तर चित्र तेच, फक्त आवाजाचा प्रकार बदलला. त्याने कॉम्प्युटरला फारसा त्रास होत नाही. पण 'ट्रान्सकोड' लिहून आलं, तर तुझा कॉम्प्युटर तो अख्खा व्हिडिओ त्या क्षणी उलगडतोय आणि आत्याच्या टीव्हीला समजेल अशा रूपात पुन्हा विणतोय. बाजूच्या माहितीच्या खुणेवर टिचकी मारलीस तर त्याचं कारणही लिहिलेलं सापडेल. ते कारण वहीत उतरवून घे. मी सहा महिने ते वाचलंच नव्हतं. सगळा दोष नेटच्या माथी मारून मोकळी झाले होते.

कुरडया आठव. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, शिजवायचा, साच्यातून पाडायचा, कडक उन्हात वाळवायचा. हे सगळं आपण चैत्र-वैशाखात एकदा करतो आणि डबे भरून ठेवतो. मग पाहुणा कधीही येवो, कढईत तेल तापलं की दोन मिनिटांत कुरडई ताटात. ट्रान्सकोडिंग म्हणजे पाहुणा पाटावर बसल्यावर गहू भिजत घालणं. एका पाहुण्यासाठी एखादं दणकट मशीन ते करूही शकतं. पण एकाच वेळी आत्या, दादा आणि पुण्याची वहिनी बसले, की तुझ्या दहा वर्षं जुन्या कॉम्प्युटरला धाप लागते आणि तिघांच्याही पडद्यावर ते गोल चाक फिरत राहतं.

माझं माहेर कौंडण्यपूरचं, तुला ठाऊकच आहे. वर्धा नदीकाठचं आमचं गाव रुक्मिणीचं माहेर. तिची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला निघते, १५९४ पासून जाते असं सांगतात. आमच्याकडे पालखीच्या प्रस्थानाचं, कार्तिकातल्या यात्रेचं बरंच चित्रण आहे. माझ्या भावाने ते जुन्या हँडीकॅमवर केलेलं. त्या कॅमेऱ्याच्या फाईली एव्हीसीएचडी प्रकारच्या, सेकंदाला १७ ते २४ मेगाबिट खाणाऱ्या. बाहेरगावच्या सगळ्यांना एकदाच दाखवावं म्हणून एका मे महिन्यात मी सर्व्हर सुरू केला. वऱ्हाडातला मे, बाहेर ४५ अंश, खोलीत पंखा गरम वारा फेकतोय. तिघांनी एकदम पालखी लावली आणि कॉम्प्युटर असा घोंघावायला लागला की आई चुलीपासून उठून आली. दहा मिनिटांत तो आपोआप बंद पडला. माझ्या आत्याचा फोन, "हे काऊन थांबलं वं, पालखी तं अजून देवळाबाहेर बी नाही निघाली!"

मी काय केलं असेल? नेटचा मोठा प्लॅन घेतला. बघ, ही चूक तू करू नकोस. प्लॅनच्या जाहिरातीत जो मोठा आकडा असतो तो बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो. तुझ्या घरून व्हिडिओ बाहेर जातो तो अपलोडवर. काही प्लॅनमध्ये दोन्ही सारखे असतात, काहींत अपलोड फारच कमी. माझ्या नव्या प्लॅनमध्ये डाउनलोड दुप्पट झालं आणि अपलोड होतं तिथेच राहिलं. पैसे गेले, चाक फिरतच राहिलं, आणि मला फार वाईट वाटलं होतं, कारण ते पैसे आईने दिले होते. तेव्हा आज संध्याकाळी, सगळे घरी असताना, तीन वेळा स्पीड टेस्ट कर. अपलोडचा सगळ्यात कमी आलेला आकडा खरा मान.

आता हिशेब. समज, तुझं अपलोड २० मेगाबिट आहे. सगळं वापरायचं नाही. घरातल्या व्हिडिओ कॉलला, फोनच्या बॅकअपला थोडं ठेवायचं. तिघं पाहणार असतील तर प्रत्येकाला ४ मेगाबिट धर, म्हणजे १२ झाले आणि हाताशी ८ उरले. ४ मेगाबिटचा एक तासाचा व्हिडिओ साधारण १.८ जीबी होतो. मेगाबिट आणि मेगाबाइट यांत आठपटीचा फरक आहे, तेवढं लक्षात ठेव, नाहीतर हिशेब फसतो. त्या हँडीकॅमची २४ मेगाबिटची मूळ फाईल या २० च्या पाइपातून एकट्या माणसालाही जाणार नाही. ती कितीही छान असू दे, तिची प्रवासाची प्रत वेगळी करावीच लागते.

रुक्मिणीने कृष्णाला पत्र पाठवलं, ते कौंडण्यपूरहून द्वारकेला. केवढं अंतर! भागवतात ते पत्र सात श्लोकांचं आहे. मनात किती काय असेल त्या मुलीच्या, पण जे पोचायला हवं तेवढंच नेमकं लिहून तिने ब्राह्मणाच्या हाती दिलं आणि ते तसंच पोचलं. वाटेत कुणी ते नव्याने लिहीत बसलं असतं तर लग्नाचा मुहूर्त टळला असता. मला प्रवासाची प्रत म्हटलं की हेच आठवतं. घरीच नीट बेतून, सोसेल एवढी करून द्यायची.

ती करायची कशी? हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते उतरवून घे. त्यात 'फास्ट १०८०पी३०' हा तयार साचा निवड. व्हिडिओचा प्रकार एच.२६४ राहू दे, आठ बिटचा. आवाज एएसी, स्टिरिओ. फाईल एमपी४. 'वेब ऑप्टिमाइझ्ड'च्या चौकोनात खूण कर. त्याने फाईलची अनुक्रमणिका शेवटाऐवजी सुरुवातीला येते आणि व्हिडिओ पटकन सुरू होतो. दर्जाच्या जागी सरासरी बिटरेट निवडून तिथे तुझा हिशेबाने आलेला आकडा टाक, म्हणजे ४००० किलोबिट, आणि एकाहून जास्त फेऱ्यांचा पर्याय चालू ठेव. वेळ जास्त लागतो पण पसारा आटोक्यात राहतो. मग सगळ्या फाईली रांगेत लावून रात्री झोपायच्या आधी सुरू कर. मे महिन्यात तर रात्रीच. दुपारी त्या मशीनला आणि तुला दोघांनाही सोसणार नाही.

एच.२६४ च का, असं तू विचारशील, कारण तुझा भाऊ तुला एचईव्हीसी घे म्हणून सांगणारच. माझ्या भावानेही सांगितलं होतं. एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५, २०१३ साली आलं. तेवढ्याच दर्जाला जागा बरीच कमी घेतं, हे खरं आहे. मी मोहात पडले. आमचा सगळा संग्रह तीन आठवडे रात्रंदिवस चालवून एचईव्हीसीत करून टाकला. डिस्कवर जागा झाली म्हणून खूश. आणि मग कळलं की माझ्या आत्याचा जुना टीव्ही ते वाचत नाही आणि माझी वहिनी ऑफिसच्या लॅपटॉपवर ज्या ब्राउझरमध्ये बघते तिथेही ते चालत नाही. म्हणजे प्रत्येक जण बघायला बसला की सर्व्हर ते उलगडून पुन्हा एच.२६४ करणार! तीन आठवड्यांची मेहनत मी उलट दिशेने केली होती. एच.२६४ हे २००३ चं, जुनं, पण आज ज्याच्या हातात जे यंत्र असेल त्यावर ते चालतं. नातेवाइकांचे टीव्ही बदलायला आपण सांगू शकत नाही. तेव्हा घरातल्या सगळ्यात जुन्या टीव्हीला जे पचतं तेच शिजवायचं.

आणि बाई गं, मूळ फाईली पुसू नकोस. डिस्क भरली तरी नाही. नवी डिस्क घे, नाहीतर मला सांग. प्रवासाची प्रत केव्हाही पुन्हा करता येते. बाबांच्या आवाजाची मूळ फाईल गेली तर गेली. एका फोल्डरमध्ये दोन्ही ठेवायच्या असतील तर फाईलचं नाव फोल्डरच्या नावासारखंच ठेव आणि पुढे रेघ मारून 'मूळ', 'प्रवास' असं लिही. जेलीफिन त्या एकाच व्हिडिओच्या दोन आवृत्त्या म्हणून दाखवतं. मी मात्र मूळ फाईली सर्व्हरच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर ठेवते. आत्या चुकून त्यावर बोट ठेवेल ही भीतीच नको.

तुझ्या त्या लग्नाच्या डीव्हीडीचं वेगळं सांगते. आपल्याकडच्या डीव्हीडी ७२० बाय ५७६ च्या, एमपीईजी-२ प्रकारच्या, आणि चित्र एकाआड एक ओळींत विणलेलं. टीव्हीच्या जुन्या काचेवर ते छान दिसायचं, आजच्या पडद्यावर वरमाला घालताना हाताच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसतात. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस किंवा डीकॉम्बचा फिल्टर चालू आहे ना, एवढं बघून घे. त्याला १०८० पर्यंत ताणू नकोस. मुळात जेवढं आहे तेवढंच ठेव, २ मेगाबिटमध्ये ते सुंदर बसतं. हँडीकॅमच्या चित्रणालाही हाच फिल्टर लागतो, हे मला फार उशिरा कळलं.

फोनवरच्या नव्या व्हिडिओंचं मूळच सुधार. आयफोन २०१७ पासून एचईव्हीसीत चित्रण करतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की एच.२६४ येतं. एचडीआर व्हिडिओ बंद ठेव. त्या भडक रंगांचं साध्या पडद्यासाठी रूपांतर करायला सर्व्हरला सगळ्यात जास्त घाम फुटतो. दादाला हे आजच कळव, तो दर रविवारी मुलांचे व्हिडिओ पाठवतो ना?

आता ती जागा, जिथे जवळजवळ सगळे अडखळतात. तू सगळं नीट केलंस, फाईल एच.२६४, आवाज एएसी, आकडा बरोबर, आणि तरीही डॅशबोर्डवर 'ट्रान्सकोड' लिहून येतं. रडू येतं तेव्हा, मला आलं होतं. कारण असं असतं की बघणाऱ्याच्या ॲपमध्येच दर्जाची एक मर्यादा लावलेली असते. त्याच्या सेटिंगमध्ये २ मेगाबिट लिहिलेलं असेल तर तुझी ४ ची तयार फाईल सर्व्हर मुकाट्याने पुन्हा दळायला घेतो. दादा 'धूसर दिसतं' म्हणतो ना, त्यामागे बहुतेक हेच असेल. त्याला व्हिडिओ चालू असताना दर्जाच्या चाकावर जाऊन सगळ्यात वरचा पर्याय निवडायला सांग. मग तुझ्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये इंटरनेटवरून बघणाऱ्यांसाठी काही बिटरेटची मर्यादा टाकली आहे का, तेही पाहा. जेलीफिनसारखंच प्लेक्स वापरणाऱ्या मैत्रिणींनाही हेच सांग. तिथे ॲपमध्ये 'रिमोट क्वालिटी' म्हणून वेगळी ओळ असते. फक्त त्यांना हेही सांग की २९ एप्रिल २०२५ पासून प्लेक्सवर घराबाहेरून स्वतःचा संग्रह बघायला पैसे भरावे लागतात. जेलीफिन २०१८ मध्ये एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरपासून वेगळं निघालं ते मुक्त सॉफ्टवेअर म्हणून, आणि अजून तसंच आहे. मी त्यावरच आहे.

एक छोटी युक्ती देते. 'चाचणी' नावाचं एक खातं उघड आणि त्याच्या परवानग्यांमध्ये ट्रान्सकोडिंग लागणारा व्हिडिओ चालवायची मुभा काढून टाक. मग फोनचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, त्या खात्याने एकेक व्हिडिओ लाव. जो चालला तो तयार. जो चालत नाही म्हणाला, तो पुन्हा रांगेत. पण आत्याच्या खात्यावर हे करू नकोस, तिला नुसती त्रुटीची पाटी दिसेल आणि ती घाबरेल.

उपशीर्षकांत मी पुष्कळ दिवस घालवले. माझ्या भाच्यांना आपली वऱ्हाडी कळत नाही, म्हणून आजीच्या बोलण्याखाली ओळी घालाव्या असं मनात आलं. ते फार गोड काम आहे, तू पण कर. फक्त त्या ओळी एसआरटी फाईलमध्ये, साध्या मजकुराच्या, यूटीएफ-८ मध्ये जतन केलेल्या ठेव, म्हणजे देवनागरी फुटत नाही. डीव्हीडीतून किंवा ब्लू-रेमधून येणारी उपशीर्षकं म्हणजे अक्षरांची चित्रं असतात. बऱ्याच ॲपना ती वेगळी दाखवता येत नाहीत, मग सर्व्हर प्रत्येक चौकटीवर ती छापत बसतो आणि एका ओळीपायी अख्खा व्हिडिओ ट्रान्सकोड होतो. रंगीत, नक्षीदार एएसएस प्रकारच्या ओळींनीही असंच होऊ शकतं. साधीच बरी.

नेटच्या बाबतीत एक गाठ पडेल. आपल्याकडच्या अनेक जोडण्यांना स्वतःचा बाहेरचा पत्ता नसतो, शेकडो घरांना मिळून एकच असतो. मग बाहेरून तुझं दार सापडतच नाही आणि तू रात्रभर राउटरच्या सेटिंगशी भांडत बसतेस. त्यासाठी टेलस्केल बसव, ते दोन्हीकडची यंत्रं आपसात जोडून देतं. घरच्या कॉम्प्युटरवर आणि बघणाऱ्याच्या यंत्रावर, अँड्रॉइड टीव्हीवरही ते बसतं. राउटरचं कुठलंही दार सताड उघडं टाकावं लागत नाही, मला ते जास्त सुरक्षित वाटतं. फक्त कधीकधी थेट वाट न मिळाल्याने ते मधल्या केंद्रावरून फिरून जातं आणि वेग घसरतो. फाईल 'डायरेक्ट प्ले' असूनही अडकत असेल तर तिथे बघ. आणि राउटरला छोटा यूपीएस लाव. लाईट गेली की कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर जिवंत आणि राउटर बंद, असं माझ्याकडे दोन वर्षं चाललं होतं.

सगळं ट्रान्सकोडिंग पापच आहे असं मनात घेऊ नकोस. वहिनी रेल्वेत बसून बघत असेल, रेंज येते-जाते, तर तिच्यासाठी ७२० ची, दीड मेगाबिटची लहान प्रत करून ठेवता येते. आणि नाही केलीस तर एकट्या तिच्यासाठी सर्व्हरने थोडे कष्ट घेतले तर घेऊ देत. पुढे कधी कॉम्प्युटर बदलशील तेव्हा इंटेलचं क्विक सिंक असलेला बघ, त्यात या कामासाठी वेगळा भाग असतो. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर मात्र भिस्त ठेवू नकोस. पाय ५ मध्ये तर व्हिडिओ विणायचा वेगळा भागच नाही. पण तुझी कुरडई वाळलेली असेल तर नुसती वाढायला तोही पुरतो.

आणि सिनेमे नकोत त्यात. कुणी म्हणेल, ही मालिका टाक, तो पिक्चर टाक. आपल्या घरचं आहे ते आपलं. दुसऱ्याचं वाटायचा आपल्याला हक्क नाही. मी सरळ नाही म्हणते, तूही म्हण.

एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे मोझरीच्या गुरुकुंजातलं चित्रण आहे, तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचं. महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ ला. दरवर्षी तिथे दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. एवढी अफाट गर्दी आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आधी, सगळं अडकायचं तेव्हा, आमच्या दादाची बायको परदेशातून विचारायची, "ताई, हे थांबलंय की लोकच उभे आहेत?" तिला कळायलाच मार्ग नव्हता. सगळ्या प्रती नव्याने केल्या त्या दिवाळीत तिने तोच व्हिडिओ पुन्हा लावला. मी इकडे डॅशबोर्डवर 'डायरेक्ट प्ले' ही अक्षरं बघत बसले होते. तिचा मेसेज आला, "मागे झेंडा हलतोय. लोक उभे आहेत."

तेव्हा सगळं एकदम काढू नकोस. आज रात्री फक्त लग्नाची डीव्हीडी रांगेत लाव आणि झोप. उद्या सकाळी आत्याला फोन कर, तिला लावायला सांग, डॅशबोर्डवर काय येतं ते मला कळव. साडेनऊनंतर फोन कर गं, त्याआधी माझे हात पिठात असतात.